जज क्रेटर गायब, आणि चौकशी बायकांची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांचा लोकलच्या गर्दीत इअरफोन टिकत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे सुटलं तेही यात घातलंय, त्यामुळे ऑडिओपेक्षा हा थोडा मोठा झालाय.

आज जायचंय न्यूयॉर्कला. तारीख ६ ऑगस्ट १९३०, वार बुधवार. वेस्ट ४५ व्या रस्त्यावर बिली हासचं चॉपहाउस, म्हणजे मटणा-बिटणाचं झकास जेवण मिळणारं रेस्टॉरंट. टेबलावर तिघं: विल्यम क्लाइन नावाचा वकील, सॅली लू रिट्झ नावाची बावीस वर्षांची शोगर्ल, आणि जोसेफ फोर्स क्रेटर, वय ४१, न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. जज साहेबांच्या खिशात त्या रात्रीच्या नाटकाचं एकच तिकीट. नाटक ‘डान्सिंग पार्टनर’, थिएटर बेलास्को. जेवण संपेपर्यंत नऊ वाजून गेले, म्हणजे पडदा आधीच वर गेलेला. तिघं बाहेर फुटपाथवर आले, निरोप घेतला. त्यानंतर क्रेटर कोणालाही दिसला नाही. आजतागायत नाही.

ही गोष्ट अमेरिकेत इतकी गाजली की ‘क्रेटर करणे’ म्हणजे कोणाला न सांगता पसार होणे असा वाक्प्रचारच पडला. विनोदी कलाकार वर्षानुवर्षं स्टेजवरून ‘जज क्रेटर, ऑफिसला फोन करा’ अशी हाळी द्यायचे आणि लोक हसायचे. यूट्यूबवर बघाल तर सगळे व्हिडिओ एकाच प्रश्नावर: जज गेला कुठे? मला खरं सांगायचं तर या प्रश्नाचा आता कंटाळा आलाय. केस वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच जात राहिलं. या एका माणसाच्या मागे पोलीस, पत्रकार आणि वकील ज्यांच्या ज्यांच्या दारात गेले, त्यांत बायका किती आहेत! आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुणी धड सांगतच नाही.

आधी जज कोण ते थोडक्यात. ‘सुप्रीम कोर्ट’ ऐकून आपलं दिल्लीतलं डोळ्यासमोर आणू नका. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे खटले चालवणारं कोर्ट, त्याच्या वर आणखी कोर्टं आहेत. क्रेटर तिथे एप्रिल १९३० मध्ये बसला. नेमणूक केली गव्हर्नर फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी, तेच जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्या काळात शहरातली खरी चावी होती टॅमनी हॉलकडे, म्हणजे न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक यंत्रणेकडे. क्रेटर तिच्यातच वाढलेला, मार्टिन हीली नावाच्या पुढाऱ्याच्या कयुगा क्लबचा अध्यक्ष. नेमणुकीच्या सुमारास त्याने बँकेतून आणि शेअर विकून वीस हजार डॉलरच्या वर रोकड उभी केली. न्यायाधीशाचा वर्षाचा पगार होता साडेबावीस हजार. टॅमनीत खुर्चीची किंमत एका वर्षाचा पगार अशी बोलवा होती. आता तुम्हीच बेरीज करा. पावती अर्थातच सापडलेली नाही.

याच हीलीच्या क्लबबद्दल त्या उन्हाळ्यात आणखी एक लफडं निघालं होतं. इवाल्ड नावाच्या एका मॅजिस्ट्रेटच्या नेमणुकीच्या वेळी दहा हजार डॉलर हीलीच्या गोटात पोचले. बचाव असा, की ही लाच नाही, उसने दिलेत. कोणी दिले? मॅजिस्ट्रेटच्या बायकोने, आणि तेही बिनव्याजी. खुर्ची नवऱ्याला आणि कागदावर नाव बायकोचं, हा प्रकार आपल्याला काही परका नाही.

आता स्टेला. क्रेटरची बायको. ही दोघं भेटली तीच मुळी वकील आणि अशील म्हणून. तिच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोट त्यानेच करून दिला आणि तो झाल्यावर १९१७ मध्ये तिच्याशी लग्न केलं. ऑगस्टमध्ये नवराबायको मेन राज्यातल्या बेलग्रेड लेक्सला आपल्या उन्हाळी घरी होते. जुलैच्या शेवटी जजला एक फोन आला. ‘त्या लोकांना जरा सरळ करून येतो’ एवढंच स्टेलाला सांगून तो न्यूयॉर्कला गेला. प्रत्यक्षात मध्ये एक चक्कर अटलांटिक सिटीला झाली, सॅली लू रिट्झला घेऊन. मग परत मेनला, आणि ३ ऑगस्टला पुन्हा न्यूयॉर्क. जाताना वचन दिलं, ९ तारखेला तुझ्या वाढदिवसाला येतोच.

६ तारखेच्या सकाळी तो कोर्टातल्या आपल्या खोलीत दोन तास कागद चाळत बसला होता. सहायकाकडून दोन चेक वटवून आणले, ५,१५० डॉलर. कुलूपबंद ब्रीफकेस पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या फ्लॅटवर पोचवल्या आणि सहायकाला म्हणाला, आज सुट्टी घे.

९ तारीख आली. वाढदिवस झाला. नवरा आला नाही.

स्टेलाने काय केलं यावर तेव्हापासून लोक तिला नावं ठेवतायत. ती पोलिसांत का गेली नाही? तर तिने आधी ड्रायव्हरला न्यूयॉर्कला पाठवलं, मग नवऱ्याच्या मित्रांना फोन केले. मित्र म्हणाले, येईल हो, गाजावाजा करू नका. कारण होतं. त्याची नेमणूक तात्पुरती होती, नोव्हेंबरमध्ये निवडणूक लढवायची होती. ‘जज बेपत्ता’ अशी बातमी छापून आली की संपलं. म्हणजे तिला गप्प बसवणारे नवऱ्याचे राजकीय सोबती, आणि पुढे ‘ही गप्प का बसली’ म्हणून संशय तिच्यावर! २५ ऑगस्टला कोर्टं उघडली, क्रेटरची खुर्ची रिकामी, तेव्हा इतर न्यायाधीश घाबरले. त्यांनीही आधी खासगीतच शोध घेतला. पोलिसांकडे प्रकरण गेलं ३ सप्टेंबरला. जवळपास चार आठवडे हातचे गेले होते.

मग सुरू झाला तमाशा. शहराने ५,००० डॉलरचं बक्षीस लावलं. पोस्टर छापली, त्यात त्याचे कपडे, कवळी, बोटाची जखम, सगळं. आणि ग्रँड ज्युरी बसली: ९५ साक्षीदार, ९७५ पानं साक्ष. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरायला पुरेसा पुरावा आहे का हे आधी तपासणारे नागरिक. शेवटी त्यांनी काय लिहिलं? तो जिवंत आहे की मेला, स्वतःहून गेला की त्याची स्मृती गेली की त्याचा घात झाला, यातलं काहीच सांगण्याइतका पुरावा नाही. झालं. इतकं सगळं करून हाती भोपळा.

स्टेला मात्र ज्युरीसमोर गेलीच नाही. ती मेनमध्ये राहिली, दुसऱ्या राज्यात, जिथे न्यूयॉर्कचं समन्स चालत नव्हतं. जानेवारी १९३१ मध्ये ज्युरीचं काम संपलं, आणि दहा-बारा दिवसांतच ती न्यूयॉर्कच्या फ्लॅटवर परतली. तिथल्या एका खणात तिला पाकिटं सापडली: सहा हजार डॉलरहून जास्त रोकड, शेअर, विम्याचे कागद, मृत्युपत्र, आणि कोणाकडून किती येणं आहे याची नवऱ्याच्या अक्षरातली यादी. शेवटी दोन ओळी, खूप थकलोय अशा अर्थाच्या. या फ्लॅटची पोलिसांनी आधी झडती घेतली होती. मग पाकिटं आली कुठून? कोणी नंतर आणून ठेवली, की पोलिसांनी बघितलंच नव्हतं, की तिला आधीपासून ठाऊक होतं? मला यातलं पहिलं सर्वांत पटतं, पण ते फक्त माझं मत आहे.

आता बाकीच्या. सॅली लू रिट्झ तर शेवटच्या जेवणाच्या टेबलावरच होती, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा डोळा. आणि तिची-क्लाइनची साक्षही बदलली. आधी म्हणाले, जज टॅक्सीत बसून गेला. नंतर म्हणाले, टॅक्सीत आम्ही बसलो, तो चालत गेला. थोड्याच दिवसांत सॅली न्यूयॉर्कमधून निघून गेली. पेपरांनी लगेच मथळे चालवले, शोगर्लही गायब! सप्टेंबर संपायच्या आत सापडली ती ओहायोतल्या यंगस्टाउनला, आईवडिलांच्या घरी. वडील आजारी असल्याचं कळलं म्हणून आले, म्हणाली. खरं असेल, खोटं असेल. पण १९३७ मध्ये ती बेव्हर्ली हिल्सला राहत असतानाही पोलीस तिला तेच प्रश्न विचारायला जात होते. सात वर्षं! एका जेवणाचे सात वर्षं हप्ते.

जून ब्राइस ही दुसरी शोगर्ल. गायब होण्याच्या आदल्या दिवशी जज हिच्याशी बोलताना दिसला होता. ग्रँड ज्युरी बसायच्या वेळी ही खरोखरच नाहीशी झाली. पुढे स्टेलाच्या वकिलाने अशी मांडणी केली की ब्राइस जजला ब्लॅकमेल करत होती आणि तिच्या गुंड मित्राने त्याला मारलं. कोर्टात सिद्ध काहीच झालं नाही. १९४८ मध्ये ती सापडली, मनोरुग्णालयात. अठरा वर्षांत तिच्यावर काय गुजरलं याच्यात कोणालाच रस नव्हता, तिला क्रेटरबद्दल काय आठवतं एवढ्यातच होता. आणि तिसरी कॉनी मार्कस, अनेक वर्षांची मैत्रीण. तिचंही नाव पेपरात आलं आणि तिच्या खासगी आयुष्याची चर्चा गावभर झाली.

इथे एक लक्षात घ्या. यातला एकही पुरुष, मग तो क्लाइन असो की हीली, ‘गूढ सुंदरी’सारख्या मथळ्याखाली छापला गेला नाही. आणि ज्या कागदांसाठी जज दोन तास खोलीत बसला, त्यांच्याबद्दल ज्युरीला खोलात काही मिळालं नाही. उदाहरण देतो. दिवाळं वाजलेल्या लिबीज हॉटेलचा रिसीव्हर क्रेटर होता. ते हॉटेल ७५ हजार डॉलरला विकलं गेलं, आणि नंतर रस्ता रुंद करायला म्हणून नगरपालिकेने तेच २८ लाख ५० हजारांना घेतलं. अशी भानगड समोर असताना चर्चा कशाची, तर अटलांटिक सिटीत सोबत कोण होती याची.

आता दारूबंदी. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू बनवणं आणि विकणं बंद, ते ५ डिसेंबर १९३३ पर्यंत. बंद म्हणजे काय, तर चोरून चालू. न्यूयॉर्कमध्ये गल्लोगल्ली ‘स्पीकईझी’, म्हणजे हळू आवाजात नाव सांगून आत जायचे गुत्ते. जुन्या सलूनमध्ये बायकांना मज्जाव असायचा, पण गुत्त्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीने बसायला लागल्या. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, गिऱ्हाइकाशेजारी बसून त्याला प्यायला लावणाऱ्या मुलींना तिथे काम मिळालं. ब्रॉडवेची शोगर्ल, गुत्ता आणि कोठा यांच्यातलं अंतर कमी झालं. आणि जिथे धंदा बेकायदेशीर, तिथे पोलिसांचा हप्ता ठरलेला. गुत्तेवाला हप्ता देऊन सुटायचा. कोणत्याही कागदावर मालक नसलेली, एकटी राहणारी बाई मात्र सोपं सावज.

हे कसं चालायचं ते १९३० च्या शेवटी बाहेर आलं. सॅम्युअल सीबरी नावाचे निवृत्त न्यायाधीश खालच्या कोर्टांची चौकशी करत होते. चिली अकुन्या नावाचा पोलिसांचा खबऱ्या साक्षीला उभा राहिला आणि त्याने पद्धतच सांगितली. खबऱ्याला खुणेच्या नोटा द्यायच्या. तो गिऱ्हाईक बनून किंवा पेशंट बनून बाईच्या खोलीत शिरणार, नोट टेबलावर ठेवणार. दोन मिनिटांत पोलीस दार ढकलून आत. बाई म्हणते मी तशी नाही, पोलीस म्हणतो नोट बघ. मग जामीन देणारा हजर, वकील हजर, सगळ्यांचे वाटे ठरलेले. जिच्याकडे पैसे असतील ती सुटायची. जिच्याकडे नाहीत ती तुरुंगात किंवा सुधारगृहात. यात धंदा करणाऱ्या बायका होत्या, तशा खोल्या भाड्याने देणाऱ्या आणि नर्सचं काम करणाऱ्या बायकाही होत्या.

हे खटले चालायचे जेफरसन मार्केटच्या विमेन्स कोर्टात, ग्रीनविच व्हिलेजमध्ये. मॅप उघडून बघा. क्रेटरचं घर ४० फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, अकराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. हे कोर्ट सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर, दहाव्या रस्त्याशी. पाच मिनिटांची चाल! एकीकडे खुर्ची विकत घेतल्याचा संशय असलेला जज, आणि एका वळणावर खुणेच्या नोटेवर बायकांना आत टाकणारं कोर्ट. तिथल्या न्यायाधीशांत जीन नॉरिस होत्या, न्यूयॉर्कच्या पहिल्या महिला मॅजिस्ट्रेट. वाटेल की बाई आहे म्हणजे बायकांची बाजू समजेल. पण चौकशीत निघालं की त्यांनी खटल्याच्या नोंदींत फेरफार केले होते, वर न्यायाधीशाच्या झग्यात यीस्टची जाहिरातही केली होती, पैसे घेऊन. १९३१ मध्ये त्यांना काढून टाकलं.

आता ज्या बाईसाठी मी हा भाग करायला घेतला तिच्याकडे येऊ. व्हिव्हियन गॉर्डन.

१९२३ मध्ये तिला वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली अटक झाली. पकडणारा व्हाइस स्क्वाडचा पोलीस मॅकलॉफलिन. तिचं म्हणणं आयुष्यभर एकच, मला अडकवलं, आणि त्यात माझ्या नवऱ्याचा हात होता. शिक्षा झाली, बेडफर्डच्या सुधारगृहात गेली, आणि त्या शिक्षेच्या जोरावर लहान मुलगी नवऱ्याकडे गेली. बाहेर आल्यावर मात्र ती खरोखरच त्या जगात शिरली. श्रीमंत पुरुषांशी संबंध, सावकारी, ब्लॅकमेल, सगळं केलं, आणि डायऱ्या लिहून ठेवल्या. तिला संत करायचं काही कारण नाही. पण मुलगी परत मिळवायचा नाद तिने सोडला नाही.

सीबरींची चौकशी सुरू झाल्यावर तिने त्यांना पत्र लिहिलं. २० फेब्रुवारी १९३१ ला ती त्यांच्या वकिलाला भेटली आणि म्हणाली, मी साक्ष देते, मला पुरावा गोळा करायला वेळ द्या. २६ फेब्रुवारीच्या सकाळी ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये तिचं प्रेत सापडलं. दोरीने गळा आवळलेला. सहा दिवसांत.

पेपरांनी ताबडतोब धागा जोडला: क्रेटरसारख्यांची उठबस असलेल्या जगातली बाई, कोठेवाली पॉली अ‍ॅडलर हिच्याशी ओळख, म्हणजे क्रेटरचं रहस्य हिला माहीत असणार! हा धागा कधीच सिद्ध झाला नाही आणि मला तो कच्चाच वाटतो. तिला काय सांगायचं होतं ते तिने स्वतः सांगितलं होतं. १९२३ ची अटक खोटी होती, आणि माझी मुलगी मला परत हवी. तिला स्वतःची केस होती, पण पेपरांनी तिलाही जजच्या केसमधली साक्षीदार करून टाकलं.

तिच्या डायऱ्या पोलिसांनी घेतल्या आणि त्यातला मजकूर पेपरात येऊ लागला. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, न्यू जर्सीत वडिलांकडे. आई कोण होती हे सगळ्या शाळेला, सगळ्या गावाला एका आठवड्यात कळलं. तो आठवडा संपता संपता त्या मुलीने जीव दिला.

मॅकलॉफलिन खुनाच्या वेळी बर्म्युडाच्या बोटीवर होता, त्यामुळे खुनात तो नव्हता. पण त्याच्या बँक खात्यात पगाराशी अजिबात मेळ न बसणारी रक्कम निघाली. ती कुठून आली हे त्याने सांगितलं नाही आणि त्याची नोकरी गेली. खुनाचा खटला हॅरी स्टाइन नावाच्या गुंडावर आणि त्याच्या एका साथीदारावर चालला. गाडी चालवणारा माफीचा साक्षीदार झाला, त्याने सगळं सांगितलं, तरी ज्युरीने दोघांना निर्दोष सोडलं. स्टाइन पुढे १९५० च्या एका दरोड्यातल्या खुनासाठी १९५५ मध्ये इलेक्ट्रिक चेअरवर गेला. व्हिव्हियनचा खून कागदोपत्री कोणीच केलेला नाही.

परिणाम मात्र झाला. या खुनाने लोक इतके खवळले की सीबरींच्या चौकशीचा आवाका वाढत वाढत महापौर जिमी वॉकरपर्यंत गेला आणि १ सप्टेंबर १९३२ ला वॉकरने राजीनामा दिला. जजच्या गायब होण्याने टॅमनीची अब्रू गेली असेल, पण महापौरापर्यंत पोचायला जी ढकल लागली ती व्हिव्हियनच्या मरणाने दिली, असं मला वाटतं. पुस्तकांत तिला क्रेटरच्या प्रकरणात एखादा परिच्छेद मिळतो.

स्टेलाचं राहिलं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं घर भाडं थकल्याने गेलं. १९३७ मध्ये नवऱ्याला मृत घोषित करा म्हणून अर्ज केला तेव्हा ती मेनमध्ये टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत होती, आठवड्याला १२ डॉलरवर. ६ जून १९३९ ला कोर्टाने क्रेटरला मृत ठरवलं. तिने विमा कंपन्यांवर दावाही लावला की हा खून आहे, तर दुप्पट रक्कम द्या. ते चाललं नाही. साधा विमा मिळाला, वीस हजारांच्या घरात. म्हणजे १९३० च्या वसंतात नवऱ्याने जेवढी रोकड उभी केली होती, साधारण तेवढाच. तिने पुन्हा लग्न केलं, तेही टिकलं नाही. १९६१ मध्ये ‘द एम्प्टी रोब’ नावाने आपली बाजू लिहिली. राजकारणामुळेच तो मारला गेला असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. १९६९ मध्ये ती वारली. सांगतात की दरवर्षी ६ ऑगस्टला ती ग्रीनविच व्हिलेजमधल्या एका बारमध्ये जायची, दोन ड्रिंक मागवायची, एक स्वतः प्यायची आणि दुसरं तसंच ठेवून निघायची. मला ही दंतकथा थोडी फिल्मीच वाटते. पण बारा डॉलर पगाराची गोष्ट कोणी दरवर्षी सांगत नाही, हेही खरं.

पोलिसांनी फाइल बंद केली १९७९ मध्ये. बेपत्ता व्यक्ती, क्रमांक १३५९५. आणि २००५ मध्ये ती पुन्हा उघडायची वेळ आली, तीही एका बाईमुळेच. क्वीन्समधली ९१ वर्षांची एक आजी वारली. तिच्या पेटीत पाकीट निघालं, वर लिहिलेलं की मी मेल्यावर उघडा. आत तिच्या दिवंगत नवऱ्याकडून ऐकलेली हकिकत: एक पोलीस आणि त्याचा टॅक्सी चालवणारा भाऊ यांनी जजला मारलं आणि कोनी आयलंडला बोर्डवॉकखाली पुरलं, जिथे आता मत्स्यालय आहे. पोलिसांनी जुन्या नोंदी तपासल्या. मत्स्यालयासाठी १९५० च्या दशकात तिथे खोदकाम झालं होतं, पण सांगाडा निघाल्याची नोंद मिळाली नाही.

जेफरसन मार्केटचं ते विमेन्स कोर्ट अजून उभं आहे, लाल विटांचं, घड्याळाचा मनोरा असलेलं. आता तिथे सार्वजनिक वाचनालय चालतं. पॉली अ‍ॅडलर समन्स टाळायला फ्लोरिडात जाऊन लपली होती आणि परत आल्यावर सीबरींच्या वकिलांना तिने जवळपास काहीच सांगितलं नाही. तिच्यावर पुढचा भाग करतोय, येत्या शनिवारी.